अनुशेष माणसांचा

विदर्भात 'अनुशेष' हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. १९८३ मध्ये राज्य शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्यसेवा अशा क्षेत्रांत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, म्हणजे त्याचा अनुशेष किती, याचा पद्धतशीर हिशेब त्यात पहिल्यांदा मांडला गेला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती आली, पुढे केळकर समिती आली. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. या साऱ्या काळात अनुशेषाची भाषा रुपयांची आणि बांधकामांची राहिली. किती कोटी दिले, किती कोटी वळवले, किती इमारती उभ्या राहिल्या, यावर अधिवेशने गाजली. त्या इमारतींत कामाला किती माणसे आहेत, हा प्रश्न मात्र प्रशासनाच्या फायलीत राहिला, राजकारणाच्या व्यासपीठावर आला नाही.

ज्या घटनात्मक तरतुदीवर ही मंडळे उभी होती, ती फक्त निधीपुरती नाही. अनुच्छेद ३७१(२) मध्ये तीन गोष्टी आहेत. एक, विकास मंडळे. दोन, विकासखर्चाचे समन्यायी वाटप. तीन, तंत्रशिक्षण व व्यावसायिक प्रशिक्षणाच्या पुरेशा सोयी आणि राज्याच्या सेवांमध्ये नोकरीच्या पुरेशा संधी. १९५३ च्या नागपूर करारातही शासकीय नोकऱ्यांतल्या वाट्याचा उल्लेख होता. म्हणजे माणसांचा विचार मुळात होता. तो वाटेत गळून पडला. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या दोन जिल्ह्यांची सार्वजनिक आरोग्यसेवा पाहिली, की त्याची किंमत कोण मोजतो ते कळते.

माझे म्हणणे असे : या भागातला आरोग्याचा खरा अनुशेष माणसांचा आहे, आणि तो मोजताना डॉक्टर व परिचारिका यांच्याबरोबर लिपिक आणि व्यवस्थापक यांनाही मोजले पाहिजे. डॉक्टर नाही म्हणून मोर्चा निघतो. परिचारिका कमी आहेत म्हणून निवेदन दिले जाते. लिपिकाची जागा रिकामी आहे म्हणून कोणी रस्त्यावर उतरल्याचे ऐकिवात नाही. पण लिपिकाचे काम त्याच्याबरोबर निघून जात नाही. ते मागे उरते आणि बहुतेक वेळा सिस्टरच्या टेबलावर येऊन पडते. जंगलातल्या केंद्रात बाबूची रिकामी खुर्ची म्हणजे रुग्णाजवळून काढून घेतलेली परिचारिका असते.

आधी भूगोल पाहू. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या आसपास. घनता चौरस किलोमीटरला ७४, तर राज्याची ३६५. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे. गडचिरोलीहून सिरोंचाला जायचे तर दोनशे किलोमीटरहून अधिक रस्ता तुडवावा लागतो. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते, आणि हे जवळपास दर पावसाळ्यात घडते.

अशा प्रदेशासाठी शासनाचा मापदंड कोणता? मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजारांना एक. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानात तीस हजारांना, आदिवासी भागात वीस हजारांना. सवलत दिसते खरी. पण हिशेब करून पाहा. राज्याची ग्रामीण लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे सहा कोटी सोळा लाख होती. राज्याच्या क्षेत्रफळाने भागले तर चौरस किलोमीटरला सुमारे दोनशे माणसे. म्हणजे पाच हजारांचे उपकेंद्र सरासरी पंचवीस चौरस किलोमीटरचे होते. गडचिरोलीत ग्रामीण लोकसंख्येची घनता सत्तरच्याही खाली येते. तिथे तीन हजारांच्या उपकेंद्राला पंचेचाळीस चौरस किलोमीटर पालथे घालावे लागतात. सवलत धरूनही एका आरोग्य सेविकेच्या वाट्याला जवळपास दुप्पट मुलूख येतो. ही जिल्ह्याची सरासरी झाली. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोऱ्याच्या आतल्या भागात वस्त्या आणखी विरळ आहेत.

लोकसंख्येवर आधारलेल्या या मापदंडामागे मोठी परंपरा आहे. १९४६ चा भोर समितीचा अहवाल, १९७३ ची कर्तारसिंग समिती, मग भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके, सर्वांनी डोकी मोजून कर्मचारी ठरवले. सपाट, दाट वस्तीच्या मुलखात ते चालून जाते. जिथे दोन पाड्यांमध्ये नाला आहे, रस्ता आठ महिनेच चालतो आणि गृहभेटीला अर्धा दिवस जातो, तिथे डोकी मोजून काम कळत नाही. तिथे वेळ मोजावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या भारावरून मनुष्यबळ ठरवण्याची एक पद्धत फार पूर्वीच विकसित केली आहे. कोणते काम, त्याला किती मिनिटे, वर्षाला अशी किती कामे, रजा आणि प्रशिक्षण वजा जाता एका माणसाकडे किती तास उरतात, या भागाकारातून पदे निघतात. प्रवासाचा वेळ या हिशेबात धरता येतो. ही पद्धत महाराष्ट्राने गडचिरोलीत आणि चंद्रपूरच्या जंगल तालुक्यांत लावली, तर मंजूर पदांचा आजचा आकृतीबंध किती अपुरा आहे हे कागदावरच दिसेल.

आणखी एक गोष्ट राखीव मनुष्यबळाची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडात सर्वसाधारण वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि रजेसाठी तीस टक्के राखीव पदे धरली आहेत. मोठ्या रुग्णालयात एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेली, तर दुसऱ्या सिस्टर मिळून काम ओढून नेतात. उपकेंद्रात एकच आरोग्य सेविका असेल, तर एकीच्या रजेने शंभर टक्के सेवा थांबते. जितकी संस्था लहान, तितकी रजेची जागा महत्त्वाची. आपल्याकडे नेमक्या लहान संस्थांनाच ती मिळत नाही.

आता कागदाकडे येऊ. आदिवासी पाड्यावरची एक बाई प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंत होते. सिस्टर तिचे बाळंतपण करते, बाळाला स्वच्छ करून आईजवळ देते. मग सुरू होते नोंदींची रांग. केसपेपर, प्रसूती नोंदवही, माता-बाल पोर्टलवरची नोंद, बाळाचे लसीकरण, जन्माची नोंद, जननी सुरक्षा योजनेसाठी आधार व बँक खात्याचे कागद, मातृवंदना योजनेचा अर्ज, जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातल्या आहाराची आणि गाडीची देयके, वापरलेल्या औषधांची साठा नोंदवहीत वजाबाकी. यातली पहिली दोन-तीन कामे परिचारिकेचीच आहेत, ती तिनेच करावीत. उरलेली लिपिकाची, लेखापालाची, डेटा एंट्री करणाऱ्याची आहेत. ती माणसे जागेवर नसतील, किंवा एकच बाबू दोन-तीन केंद्रांचा 'अतिरिक्त कार्यभार' सांभाळत असेल, तर हे सारे सिस्टरकडे येते. मलेरियाच्या हंगामात रक्तनमुने घेण्याऐवजी ती मोबाइलला रेंज मिळेल अशी जागा शोधत फिरते.

राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा मोठा आहे. दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांना आयुष्यभर नियमित औषध आणि पाठपुरावा लागतो. या दोन्ही आजारांचे नियंत्रण नोंदींवरच अवलंबून असते. कोणत्या गावात गेल्या पंधरवड्यात किती ताप निघाले, कोणाची गोळी संपली, कोणाला बोलवायचे राहिले, ही माहिती वेळेवर जुळली नाही तर चांगला डॉक्टरही आंधळा होतो. म्हणून कारकुनी काम दुय्यम मानणे ही चूक आहे. इथे ते उपचाराचाच भाग आहे.

नोंद ढिली पडली की काय होते, हे गडचिरोलीने महाराष्ट्राला आधीच दाखवले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने इतर संस्थांच्या साथीने बालमृत्यूंचा अभ्यास केला. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. शासकीय आकड्यांत बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसतात, हे त्याने पुढे आणले. विधिमंडळापासून न्यायालयापर्यंत चर्चा झाली. त्या वेळी दोष 'यंत्रणेच्या असंवेदनशीलतेला' दिला गेला, आणि तो काही अंशी खराही होता. पण जिथे मृत्यूची नोंद करायला, ती वर पाठवायला, पडताळायला आणि त्यावरून प्रश्न विचारायला पुरेशी माणसेच नाहीत, तिथे संवेदनशील माणसाच्या हातूनही मृत्यू नोंदीबाहेर राहतात. जे मूल कागदावर मरत नाही, त्याच्यासाठी पुढच्या वर्षी तरतूदही होत नाही.

व्यवस्थापकाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण आपल्याकडे ते स्वतंत्र काम मानलेच जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी रुग्ण तपासतो आणि तोच कार्यालय चालवतो. ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक शस्त्रक्रिया करतो आणि तोच डिझेलची देयके, स्वच्छतेचे कंत्राट, नादुरुस्त जनरेटर, रुग्ण कल्याण समितीची बैठक, उपयोगिता प्रमाणपत्र पाहतो. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, तेव्हा जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक, लेखा व्यवस्थापक अशी पदे तयार झाली. या कामासाठी वेगळा माणूस लागतो, हे मान्य झाले, एवढे श्रेय अभियानाला द्यावे लागेल. पण ही पदे कंत्राटी राहिली आणि मुख्यतः जिल्हा-तालुका पातळीवर थांबली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९८३ च्या ग्रिफिथ्स अहवालानंतर रुग्णालयांत स्वतंत्र व्यवस्थापन आणले. त्यावर तिथे आजही वाद चालतो. व्यवस्थापक जास्त झाले आणि परिचारिका कमी पडल्या, अशी तक्रार होते. आपला आजार उलट आहे. इथे व्यवस्थापक नसल्यामुळे डॉक्टर आणि परिचारिका दोघेही कमी पडतात.

त्यात एका जिल्ह्याच्या आरोग्यसेवेला अनेक धनी आहेत. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेची, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या हाताखाली. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्य शासनाची, जिल्हा शल्यचिकित्सकाच्या हाताखाली. दोन्हींवर नागपूर परिमंडळाचे उपसंचालक. चंद्रपूरला २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, गडचिरोलीला २०२४ मध्ये, आणि ती वैद्यकीय शिक्षण विभागाची. आरोग्य सेविका जिल्हा परिषदेच्या संवर्गात, अधिपरिचारिका परिमंडळाच्या संवर्गात, कंत्राटी परिचारिका अभियानाच्या यादीत. लिपिकांचेही तसेच. परिणाम असा की एकाच तालुक्यात एका इमारतीत माणूस बसून असतो आणि दुसरीत जागा रिकामी असते, पण एकाला दुसरीकडे पाठवण्याचा अधिकार तालुक्यात कोणालाच नसतो. जिल्ह्यात एकूण किती परिचारिका, किती लिपिक, किती व्यवस्थापक आज प्रत्यक्ष कामावर आहेत, हे एका कागदावर सांगणारा एकही अधिकारी सध्याच्या रचनेत नाही. मला या रचनेतला हा सर्वांत मोठा दोष वाटतो.

रिक्त पदांचे आकडेही पूर्ण सत्य सांगत नाहीत. पद भरलेले दिसते, पण माणूस प्रतिनियुक्तीवर नागपूरला असतो. पगार भामरागडच्या नावाने निघतो, काम शहरात होते. कुठे 'प्रभारी' म्हणून एकाच अधिकाऱ्याकडे तीन खुर्च्या असतात आणि तिन्ही भरलेल्या मोजल्या जातात. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेवर दिलेल्या अलीकडच्या अहवालात परिचारिकांची सुमारे एक तृतीयांश पदे रिकामी असल्याचे नोंदवले आहे. त्या अहवालावरची चर्चा डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ या तीन वर्गांभोवतीच फिरली. एक तृतीयांश ही राज्याची सरासरी आहे. सरासरीतली कमतरता सारखी वाटली जात नाही. ती नेहमी रस्त्याच्या शेवटी जाऊन साचते.

चंद्रपूर हे त्याचे उत्तम उदाहरण. बावीस लाख लोकसंख्येचा, पंधरा तालुक्यांचा हा जिल्हा कागदावर मागास दिसत नाही. औष्णिक वीज केंद्र आहे, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत, बल्लारपूरची कागद गिरणी आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण माणिकगडच्या डोंगरावरचा जिवती तालुका घ्या, जिथल्या सीमेवरच्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तिथली गर्भवती आणि चंद्रपूर शहरातली गर्भवती एकाच जिल्ह्याच्या सरासरीत मोजल्या जातात. जिल्हा हे एकक धरले की जिवतीची कमतरता चंद्रपूरच्या भरलेल्या पदांखाली झाकली जाते. शेजारच्या छत्तीसगडने यावर विचार केला आहे. तिथल्या ग्रामीण वैद्यकीय दलाच्या योजनेत प्रत्येक आरोग्य संस्थेची साधारण, कठीण, अतिकठीण अशी वर्गवारी केली आणि डॉक्टरांपासून परिचारिकांपर्यंतचा प्रोत्साहन भत्ता त्यावर ठरवला. एकक जिल्हा धरले नाही, संस्था धरली. हा धडा सीमेपलीकडून घ्यायला महाराष्ट्राला कमीपणा वाटू नये.

माणसे येत का नाहीत, आली तर टिकत का नाहीत? प्रोत्साहन अजिबात नाही, असे नाही. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता दिला. २००५ चा बदल्यांचा कायदाही आहे. पण पैसा हा निर्णयाचा एकच भाग असतो. एकट्या परिचारिकेला राहायला सुरक्षित, पाणी-वीज असलेले घर लागते. मुलांची शाळा लागते. तीन वर्षांनी इथून सुटका होईल, याची लेखी खात्री लागते. ती खात्री नसते म्हणून रुजू होतानाच आंतरजिल्हा बदलीचा अर्ज तयार असतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गडचिरोलीची नेमणूक ही प्रशासनात शिक्षा समजली जाते. धमकी म्हणून 'गडचिरोलीला पाठवतो' असे सर्रास म्हटले जाते. ज्या शासनाचे अधिकारी आपल्याच दहा लाख नागरिकांच्या सेवेला शिक्षा मानतात, त्या शासनाला त्या नागरिकांसाठी चांगली माणसे कशी मिळतील? ही वृत्ती बदलल्याशिवाय कोणताही भत्ता पुरणार नाही.

माओवादी हिंसेच्या भीतीचे कारण आता पुढे करता येणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी संघटनेचा वरिष्ठ नेता भूपती याने गडचिरोलीत आपल्या सहकाऱ्यांसह शस्त्रे खाली ठेवली. सुरजागडचे लोहखनिज काढले जाते आहे. अवजड ट्रक जंगलातून धावतात. खनिज बाहेर काढायला जिथे यंत्रणा पोहोचते, तिथे सिस्टरला पोहोचता येत नाही, हे कारण टिकणारे नाही.

मग माणसे आणायची कुठून? याचे निम्मे उत्तर गडचिरोलीतच लिहिले गेले आहे. 'सर्च'ने गावातल्याच, थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या 'आरोग्यदूत' झाल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधाने दाखवले, की त्यांच्या गावांत नवजात मृत्युदर साठ टक्क्यांहून अधिक घटला. पुढे २०११ मध्ये हीच पद्धत 'आशा' स्वयंसेविकांमार्फत देशभर गेली. हेमलकसा इथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या आणि डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी चालवलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात रुग्णसेवेबरोबर शाळा चालते, ती स्थानिकांनाच शिकवून तयार करता येते याच विश्वासावर. जागतिक आरोग्य संघटनेने दुर्गम भागात कर्मचारी टिकवण्यासाठी २०१० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली, २०२१ मध्ये ती सुधारली. त्यांत पहिल्या उपायांमध्येच आहे, की ग्रामीण भागातल्या मुलांना निवडा आणि शक्यतो त्यांच्या भागातच शिकवा. माडिया बोलणारी सिस्टर भामरागडच्या बाईला जे समजावू शकते, ते पुण्याहून आलेली हुशार सिस्टर समजावू शकत नाही. सिरोंच्यात तेलुगू लागते, मुलचेऱ्यात बंगाली.

या दिशेने कायद्याचे एक पाऊल पडले होते. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली काही पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखली, त्यात आरोग्य कर्मचारीही होते. गडचिरोलीत बिगर-आदिवासी युवकांमध्ये त्यावरून रोष निर्माण झाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्रमधल्या शिक्षकपदांचे शंभर टक्के आरक्षण रद्द केले, त्यानंतर महाराष्ट्रातली अनुसूचित क्षेत्रातली ही 'पेसा' भरतीही कायदेशीर वादात अडकली. वाद न्यायालयात आहे म्हणून पदे रिकामी ठेवणे हा न्याय नाही. जमातीच्या दाखल्यापेक्षा भाषेला आणि वास्तव्याला महत्त्व देणारा मार्ग काढता येईल. गोंडी, माडिया किंवा स्थानिक बोलीची परीक्षा हा नेमणुकीचा निकष करा. दोन्ही जिल्ह्यांतल्या परिचर्या प्रशिक्षण संस्थांत जंगल तालुक्यांतल्या मुलींसाठी जागा आणि निवासासह शिष्यवृत्ती ठेवा. अट एकच, ठरावीक वर्षे आपल्या तालुक्यात सेवा. बारावी झालेल्या मुला-मुलींना कार्यालयीन काम, लेखा आणि संगणक शिकवून केंद्रांचे लिपिक करता येते. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाची वाट पाहावी लागत नाही. लिपिकाची कमतरता ही सर्वांत लवकर आणि सर्वांत कमी खर्चात भरून निघणारी कमतरता आहे. म्हणूनच ती वर्षानुवर्षे तशीच राहणे अक्षम्य आहे.

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील. पहिला, आता सारे डिजिटल झाले, बाबू हवेत कशाला? डिजिटल झाल्याने कागद कमी झाला असता तर हे पटले असते. प्रत्यक्षात वही राहिली आणि तिच्यावर पोर्टल चढले. एकच नोंद दोन-तीन ठिकाणी होते, आणि तीही जिथे नेटवर्क येते-जाते. संगणक काम वाचवतो ते चालवणारा माणूस आणि स्थिर वीज असेल तेव्हाच. दुसरा आक्षेप पैशाचा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले होते. महाराष्ट्र त्या पातळीच्या बराच खाली राहिला. तेव्हा पैसा नाही, असे म्हणण्यापेक्षा तो दिला नाही, असे म्हणणे अचूक ठरेल. शिवाय या दोन्ही जिल्ह्यांच्या जमिनीतून कोळसा आणि लोहखनिज निघते, आणि २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित लोकांसाठी, त्यातही आरोग्यासाठी प्राधान्याने आहे. त्यातून आरोग्य सेविकांची घरे बांधा. उपकेंद्राजवळ एक राहण्याजोगे घर ही तिथली सेवा टिकवणारी पहिली गोष्ट आहे.

स्वस्तातला आणखी एक मार्ग सरकारला वारंवार मोहात पाडतो, तो कंत्राटी भरतीचा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कर्मचारी वर्षानुवर्षे तेच काम कमी पगारात करत आहेत. २०२३ च्या अखेरीस ते समायोजनासाठी संपावर गेले. २०२४ मध्ये दहा वर्षे सेवा झालेल्यांसाठी शासन निर्णय निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २०२५ मध्ये पुन्हा संप करावा लागला. एकाच वॉर्डात दोन सिस्टर, एकीला पूर्ण वेतन आणि निवृत्तिवेतन, दुसरीला अकरा महिन्यांची ऑर्डर. अशा व्यवस्थेत दुर्गम भागात कोण टिकेल? आशांचे मानधनही याच पंगतीतले. जिथे सेवा कायमची हवी, तिथे नोकरी तात्पुरती ठेवणे हे शासनाने स्वतःशीच केलेले फसवे गणित आहे.

माझ्या मागण्या अवघड नाहीत. दोन्ही जिल्ह्यांचा आकृतीबंध अंतर आणि प्रत्यक्ष काम धरून नव्याने ठरवावा, आणि परिचारिका, लिपिक, व्यवस्थापक यांची पदे एकत्र मंजूर करावीत. चार-पाच उपकेंद्रांच्या गटाला एक फिरता लिपिक आणि एक राखीव आरोग्य सेविका द्यावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात कायम व्यवस्थापक असावा. प्रतिनियुक्तीवर असलेला माणूस 'कार्यरत' मोजणे बंद करावे. आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक संस्थेची मंजूर, भरलेली व प्रत्यक्ष हजर पदे जिल्हा परिषदेच्या फलकावर आणि ग्रामसभेत मांडावीत. यातल्या शेवटच्या मागणीला तर एक रुपयाही लागत नाही.

वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या तालुक्यात नव्या रुग्णालयाचे भूमिपूजन झाले, की भाषण संपल्यावर चार प्रश्न विचारा. आकृतीबंध मंजूर झाला का? सिस्टर किती रुजू झाल्या? बाबू किती आले? इमारत चालवणारा व्यवस्थापक कोण? चारपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही, तर ते उत्तर ग्रामसभेच्या ठरावात लेखी मागा, आणि मिळेपर्यंत दर बैठकीत मागत राहा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसांचा अनुशेष मुंबईत आपोआप दिसणार नाही. तो आपण मोजून दाखवावा लागेल.